लग्नपत्रिकेवरून लिपी वाचताना

२०२१ च्या दिवाळीआधी माळा आवरताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. वर आईची टायपिंगची दोन सर्टिफिकेटं होती, मराठी तीस आणि मराठी चाळीस. त्याखाली लोकरीच्या कानटोपीत गुंडाळून ठेवलेली एक हार्ड डिस्क. आईला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

आईचं कराडला कोर्टासमोर दुकान होतं. आधी टाइपरायटरवर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं, मग १९९६ पासून कॉम्प्युटरवर डीटीपी. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, गणेश मंडळांच्या पावत्या, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. गावातल्या निम्म्या लोकांची लग्नं आईच्या बोटांखालून गेली आहेत असं बाबा म्हणायचे. २०१४ मध्ये दुकान बंद केलं तेव्हा मशीन भंगारात गेलं. डिस्क तिने तेवढी काढून ठेवली होती, आणि ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

मी पेशाने प्रोग्रॅमर नाही. दिवसा एका पतसंस्थेत कर्जाच्या फायली बघते. जेवणं झाली, भांडी घासून झाली की लॅपटॉप उघडते. आजवर केलेल्या उचापती सांगते: गच्चीवरची टाकी भरली की फोनवर निरोप पाठवणारं एक यंत्र, ते दोन पावसाळे टिकलं. कवितेची ओळ टाकली की लघु-गुरू मोजून वृत्त सांगणारा एक प्रोग्रॅम, तो अजून चुकतो. कुणी मागितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नाहीत. जत्रेत हौशे, नवशे आणि गवशे येतात म्हणतात, त्यातली मी हौशी. ही डिस्क मात्र हौसेच्या पलीकडची निघाली.

जुनी डिस्क यूएसबीला जोडायची वायर ऑनलाइन मागवली. डिस्क घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली आणि चालू झाली. फोल्डर दिसले. पहिली फाइल उघडली तर पडद्यावर नुसती भेळ. इंग्रजी अक्षरं, मधेच कंस, मधेच डॉलरचं चिन्ह, मधेच फ्रेंच शब्दांत असते तशी डोक्यावर टोपी घातलेली अक्षरं. मराठीचा एक कानामात्रा नाही.

ही भेळ कुठून आली

तुम्ही हा लेख फोनवर वाचताय आणि प्रत्येक अक्षर नीट दिसतंय. ते इतकं सहज झालंय की ते कधी अवघड होतं यावर विश्वास बसत नाही. म्हणून जरा मागून सुरुवात करते.

गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावर. शिळाछाप म्हणजे दगडावर हाताने लिहायचं आणि त्याचा ठसा घ्यायचा. त्यात जोडाक्षराची अडचण नव्हती, हात लिहील ते छापलं जाई. खिळ्यांची छपाई आली तेव्हा खरी पंचाईत झाली. इंग्रजीला सव्वीस अक्षरं, छोटी-मोठी मिळून बावन्न. देवनागरीत प्रत्येक व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी, उकार, वर रफार, खाली रकार, आणि एकमेकांत गुंतलेली जोडाक्षरं. शेकडो खिळे लागत. जुळाऱ्यापुढच्या खणांचा पसारा एवढा मोठा असे की त्याचे हात सतत लांबलांब धावत. जावजी दादाजींच्या निर्णयसागरचे सुबक खिळे नावाजले गेले त्यामागे हा सगळा खटाटोप होता.

मग खिळे कमी करायचे प्रयत्न सुरू झाले. लोकमान्य टिळकांनी त्यात लक्ष घातलं होतं. सावरकरांनी 'इ', 'ई', 'उ', 'ऊ' ऐवजी 'अ'लाच वेलांटी आणि उकार लावून अ ची बाराखडी सुचवली, तिच्यामागेही छपाई सोपी करण्याचा विचार होता. लिपी आणि यंत्र यांची ही ओढाताण कॉम्प्युटरच्या आधी शंभर वर्षं चालू होती.

टाइपरायटरने तर लिपीला चिमटीत धरलं. चाळीस-पंचेचाळीस कळा, प्रत्येकीवर दोन खुणा, म्हणजे सगळं मिळून नव्वदच्या आसपास. त्यात देवनागरी बसवायची तर अक्षरं फोडावी लागतात. 'श', 'ण', 'ध', 'भ' यांना शेवटी उभी काठी असते. ती काठी तोडा, अर्धं अक्षर एका कळीवर ठेवा आणि काठी दुसऱ्या कळीवर. 'श' हवा असेल तर अर्धा श आणि काठी. 'शा' हवा असेल तर अर्धा श आणि दोन काठ्या. पहिली काठी अक्षराची, दुसरी कान्याची, पण कळ तीच. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती अक्षराच्या आधी दाबायची. रफार डोक्यावर बसतो म्हणून तो अक्षर झाल्यावर. म्हणजे टायपिस्ट शब्द उच्चाराप्रमाणे लिहीत नव्हती, चित्र काढतो तसा तुकड्या-तुकड्यांनी उभा करत होती. 'धर्म' तोंडाने म्हणताना 'र' आधी येतो. आईच्या बोटांत तो 'म' नंतर यायचा.

हीच रीत पुढे डीटीपीच्या फॉन्टमध्ये आली. १९९० च्या दशकात दुकानांत जी सॉफ्टवेअरं होती त्यांना अक्षरासाठी फक्त २५६ जागा ठाऊक होत्या, आणि त्या सगळ्या इंग्रजी व युरोपीय अक्षरांच्या. मराठी फॉन्टवाल्यांनी त्या जागांवर गुपचूप मराठी तुकड्यांची चित्रं बसवली. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे 'डी' आहे, डोळ्यांना 'क' दिसतो. फॉन्ट काढून घेतला की मुखवटा पडतो आणि खालची 'डी' उघडी पडते. माझ्या पडद्यावरची भेळ म्हणजे हे मुखवटे पडलेले चेहरे.

याहून बरा मार्ग तेव्हा नव्हता असं नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट नावाचं तंत्र होतं, ज्याचं कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं की भारतीय लिप्या दिसत. इस्की नावाचं भारतीय प्रमाण होतं, १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ते अधिकृत केलं. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा होता आणि क्रम उच्चाराचा होता. त्याच वर्षी, ऑक्टोबर १९९१ मध्ये, युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि तिने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरूनच घेतली. 'क'चा आकडा २३२५. जगात कुठेही, कुठल्याही फोनवर, २३२५ म्हणजे 'क'.

पण कोर्टासमोरच्या दुकानात याचा उपयोग काय? गिऱ्हाईक उद्या सकाळी पत्रिका न्यायला येणार. कागदावर अक्षर सुबक आलं की काम संपलं. फाइल पंचवीस वर्षांनी कुणी उघडेल, त्यात शब्द शोधेल, असा विचार करायची कुणाला गरज नव्हती. प्रत्येक फॉन्ट कंपनीने तुकडे आपापल्या सोयीने मांडले. एकीचा 'क' दुसरीचा 'ह'. मराठी वर्तमानपत्रं इंटरनेटवर आली तेव्हाही प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा डाउनलोड करावा लागे, हे आता तिशी-चाळिशीतल्या लोकांना आठवत असेल.

विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्ट आला, र. कृ. जोशींनी घडवलेला. सुलेखनकार, कवी, आयआयटी मुंबईत शिकवणारे शिक्षक. कॉम्प्युटरवर आपली लिपी उच्चाराच्या क्रमाने लिहिता येते आणि तरी नीट दिसते, हे अनेकांनी त्या फॉन्टमध्ये प्रथम पाहिलं. तरी विंडोज एक्सपीवर ते चालू करायला सीडी घालून एक वेगळी खूण करावी लागे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. पुढच्या वर्षी 'मनोगत' आलं. मी ते सायबर कॅफेत वाचत होते, तासाला वीस रुपये देऊन. त्याच वेळी दुकानात आई जुन्या फॉन्टमध्ये पत्रिका करत होती. दोन मराठी एकाच गावात, एका रस्त्यावर, आणि एकीला दुसरीची अक्षरं वाचता येत नव्हती.

दानं आणि निमंत्रण

आता माझी अडचण. डिस्कवर फायली होत्या, फॉन्ट नव्हता. तो मशीनच्या दुसऱ्या डिस्कवर असणार, आणि ती भंगारात गेली. सॉफ्टवेअर चालायला प्रिंटरच्या खोबणीत एक कुलूप लावावं लागायचं, बोटाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा. तो हरवला की सॉफ्टवेअर मुकं. फॉन्टचं नाव फाइलमध्ये होतं, पण त्या नावाचा फॉन्ट शोधून शोधून मिळाला तो दुसऱ्याच आवृत्तीचा, आणि त्यातून निघालेली मराठी आणखी विचित्र होती.

तेव्हा जेम्स प्रिन्सेपची आठवण झाली. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत भेटतो तो. कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंची पारख करणारा अधिकारी. लिप्या वाचणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग नव्हता, म्हणजे तोही हौशीच. १८३७ मध्ये त्याने ब्राह्मी वाचली. सांचीच्या स्तूपावरच्या लहान लहान लेखांचे ठसे त्याच्यापुढे होते. जवळजवळ प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच दोन अक्षरं येत होती. स्तूपाच्या कठड्यावर इतक्या लोकांनी वेगवेगळं कोरून शेवटी एकच शब्द का लिहावा? त्याने विचार केला की हे देणगीदारांचे लेख असणार, आणि शेवटचा शब्द 'दानं'. द सापडला, न सापडला, अनुस्वार सापडला. तिथून पुढे ओढत ओढत सम्राट अशोकाचे लेख वाचले गेले. आज आपण लिहितो ती देवनागरी त्याच ब्राह्मीची लांबची नात.

सांचीच्या देणगीदारांना जसं 'दानं', तशी मराठी माणसाच्या लग्नाला पत्रिका. सगळ्यांच्या पत्रिका सारख्याच. वर गणपती, मग 'आमचे येथे श्रीकृपेकरून', मग 'शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे', मग 'तरी या मंगलप्रसंगी', मग मुहूर्त, मग स्थळ, मग आपले नम्र. नावं बदलतात, सांगाडा तोच. आणि आमच्या घरी कपाटात आईने छापलेल्या पत्रिकांची एक चळत होती, प्रत्येकीची एक प्रत ती ठेवायची. डिस्कवरच्या भेळेच्या बाजूला छापील पत्रिका ठेवली. लग्नाची तारीख दोन्हीकडे होती, आणि आकडे बऱ्यापैकी ओळखू येत होते. जोडी जुळली.

मग रोज रात्री एक पत्रिका. वहीत डावीकडे फाइलमधली खूण, उजवीकडे छापील तुकडा. पहिल्या आठवड्यात चाळीसेक खुणा लागल्या. पुढच्या दोन आठवड्यांत मंडळाच्या पावत्यांवरून आकडे आणि रुपयाची चिन्हं. 'ज्ञ' एका ज्ञानेश्वरीच्या सप्ताहाच्या पत्रकात मिळाला. 'ङ' कुठेच मिळाला नाही, आणि त्याची गरजही पडली नाही.

खुणा कळल्या म्हणजे काम झालं असं वाटलं होतं. प्रोग्रॅम चालवला तर 'स्थिती'चं 'सि्थती' झालं. हा शब्द तुम्ही अशा रूपात नक्की पाहिला असेल, कित्येक सरकारी आणि बिनसरकारी वेबसाइटवर तो तसाच पडून आहे. त्याचं कारण हे: जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी येते, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये वेलांटी सगळ्यात शेवटी लागते. प्रोग्रॅमने तिला एकाच अक्षरावरून उडी मारायला लावली, तर ती अर्ध्या 'स'वर जाऊन बसली. तिला पूर्ण जोडाक्षर संपेपर्यंत पळवायला हवं. रफाराचं उलटं. तो मागून येतो, त्याला काना, मात्रा, अनुस्वार ओलांडून जोडाक्षराच्या पुढे न्यावं लागतं. आणि काठी सापडली की आधी विचारायचं, मागे अर्धं अक्षर आहे का? असेल तर ही काठी त्याची, नसेल तर काना.

सगळ्यात छळलं ते 'ऱ्य'ने. आचार्यांना बोलावणं आणि आचाऱ्यांना बोलावणं यात लग्नघरी फार फरक असतो. मराठीत दोन्ही हवेत, हिंदीत या डोळ्याच्या पापणीसारख्या अर्ध्या 'र'ची गरज नाही. जुन्या फॉन्टमध्ये त्याचा एक स्वतंत्र तुकडा होता, सुटसुटीत. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो, दिसायला सारखा, आत आकडे वेगळे. म्हणजे मी एका रीतीने लिहिलेलं 'दऱ्या' तुम्ही दुसऱ्या रीतीने शोधलंत तर सापडेलच असं नाही. ॲपमधल्या 'ॲ'ला स्वतःची जागा मिळाली तीही २००८ मध्ये. नवी लिपी आली आणि सगळं सुरळीत झालं, असा हा इतिहास नाही.

दोन हात

प्रोग्रॅम सुधारत गेला तसं एक वेगळंच दिसायला लागलं. काही फायलींवर तो बिनचूक चालायचा आणि काहींवर ठेचकाळायचा. ठेचकाळायचा ते शब्द बघितले: 'केंद्र', 'शेंडे', 'ओक', 'श्रम'. या फॉन्टमध्ये मात्रा आणि अनुस्वार यांचा मिळून एक तयार तुकडा होता. पण तो न वापरता मात्रा वेगळी आणि अनुस्वार वेगळा दिला तरी कागदावर तेच दिसायचं. 'ओ' तयार मिळायचा, किंवा 'अ'ला काना देऊन वर मात्रा द्यायची. कागदावर फरक शून्य.

दुकानात दोघी बसायच्या. आई, आणि एक मुलगी जिला आम्ही भावंडं ताई म्हणायचो. ताई थेट कॉम्प्युटरवर शिकली होती, ती तयार तुकडे वापरायची. आई टाइपरायटरवर शिकली होती. तिथे तयार तुकडे नव्हतेच. दहा वर्षं कॉम्प्युटरवर बसूनही तिची बोटं 'अ', काना, मात्रा अशीच चालत राहिली. फाइलमधल्या आकड्यांवरून मला कळायला लागलं की ही पत्रिका आईने केली आणि ही ताईने. एका फाइलमध्ये तर अर्धा मजकूर एकीचा आणि अर्धा दुसरीचा होता. आई मधेच उठून घरी आली असणार, आमच्या शाळेच्या सुटीची वेळ झाली म्हणून.

हस्ताक्षर ओळखावं तसं मी आईचं टायपिंग ओळखत होते. आणि माझा प्रोग्रॅम काय करत होता? दोन्ही प्रकारच्या 'ओ'चा एकच 'ओ' करत होता. तेच त्याचं काम. तो जितका चांगला होत होता तितकी आई आणि ताई एकसारख्या होत होत्या. निर्णयसागरच्या एखाद्या जुन्या पुस्तकात कुठला जुळारी बसला होता हे आपल्याला कळत नाही, तसंच इथेही होणार होतं, आणि ते मी माझ्या हाताने करत होते. मी त्या रात्री लॅपटॉप बंद केला आणि चार-पाच दिवस उघडलाच नाही.

शेवटी ठरवलं की मूळ फायली जशाच्या तशा जपायच्या. बदललेली प्रत वेगळी. बदललेली वाचायला आणि शोधायला, मूळ कशाला, हे मला नीट सांगता येत नाही. भावाने विचारलं होतं. तो ऑस्ट्रेलियात असतो, त्याला फोनवर वाचता यावं म्हणून तर हे सगळं चाललं होतं. मी म्हटलं, आईची साडी धुवायची का नाही यावर आपण वाद घातला होता ना, तसं. त्याने पुढे विचारलं नाही.

आणखी एक निर्णय घ्यावा लागला. फायलींमध्ये लोकांची प्रतिज्ञापत्रं होती. वारसाची, घटस्फोटाची, नाव बदलल्याची. आईने ती कोर्टासमोर बसून विश्वासाने टाइप केली होती. गावात कुणाच्या घरात काय चाललंय हे तिच्याइतकं कुणाला माहीत नसेल, आणि घरी तिने त्यातला एक शब्द कधी काढला नाही. ती सगळी आता वाचता येणार होती, कारण मी कुलूप काढलं होतं. प्रोग्रॅमला सांगितलं की पहिल्या काही ओळींत 'सत्यप्रतिज्ञेवर' आलं की फाइल बाजूला टाक, पुढे उलगडू नकोस. अशा तीनशेच्या वर निघाल्या. न वाचता पुसून टाकल्या. एखाद्या इतिहासकाराला हे वाचून वाईट वाटेल. असू दे.

आकडे वजा करणारी मुलगी

राहिलेल्यांत एक फाइल मोठी होती. नावात फक्त आकडे. उघडली तर तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे एक-दोन ओळी. १९९८ ते २००६. दुकान बंद करण्याआधी आई रोज हे लिहीत असावी. सगळ्या ओळी आईच्या हातच्या, मात्रा आणि अनुस्वार वेगवेगळे.

पहिली वीस-पंचवीस पानं हिशोबाचीच. कागदाचे रिम किती, शाई किती, कुणाकडून किती येणं. मधेच 'लाईट नव्हती, पत्रिका उद्यावर'. मधेच 'पाऊस. कोर्टात कुणी नाही'. ती अशी लिहील हे मला माहीत नव्हतं. घरी तिच्या हातात पेन मी फक्त किराणाच्या यादीपुरता पाहिला होता.

२००३ च्या मे महिन्यात माझा बारावीचा निकाल लागला. गणितात काठावर. त्या दिवशी आईने लिहिलंय की पोरगी रडली नाही, आणि दुकानात एकटीला तिला रडू आलं. मला वाटायचं तिने तो निकाल फारसा मनावर घेतला नव्हता.

त्या पावसाळ्यात मी रात्री दुकानाच्या मशीनवर बसायला लागले. लायब्ररीतल्या एका फाटक्या पुस्तकावरून बेसिक शिकत होते. पहिला प्रोग्रॅम काप्रेकरांचा. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र काप्रेकर, यांचा ६१७४ हा आकडा ठाऊक असेलच. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा, आणि तुम्ही ६१७४ वर पोचता. एकदा पोचलात की तिथून सुटका नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. काप्रेकरांनी हे १९४९ मध्ये शोधलं, कागद-पेन्सिल घेऊन, शाळेतली नोकरी सांभाळून. मोठ्या गणितज्ञांनी त्यांच्याकडे फार काळ लक्ष दिलं नाही. मार्टिन गार्डनरने १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या त्याच्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. गणितात काठावर पास झालेल्या मुलीला असा माणूस जवळचा वाटणारच. मी हजारापासून सगळ्या संख्या मशीनला करायला लावल्या होत्या आणि पडद्यावर धावणारे आकडे बघत बसले होते.

जुलैच्या एका तारखेपुढे माझ्या प्रोग्रॅमने हे उलगडून दाखवलं: 'पोरगी रात्री मशीनवर आकडे वजा करत बसते. विचारलं तर म्हणते प्रोग्रॅम. लाईटबिल वाढतंय. करु दे.'

मी ते दोन-तीनदा वाचलं. मग शेवटच्या दोन शब्दांवर अडकले. 'करु'. रुकार ऱ्हस्व. आई असं लिहिणं शक्य नव्हतं. मराठी चाळीसची परीक्षा पास झालेली बाई, गिऱ्हाइकाने लिहून आणलेल्या मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ गुपचूप दुरुस्त करून देणारी. एका मंडळाच्या अध्यक्षांशी 'आशीर्वाद' या शब्दावरून तिचं भांडण झालं होतं आणि तिने पावत्या तिच्याच शुद्धलेखनात छापल्या होत्या.

म्हणजे चूक माझी. 'र'ला उकार लागला की तो खाली न जाता पोटात जातो, म्हणून 'रु' आणि 'रू' यांचे फॉन्टमध्ये दोन वेगळे तुकडे असतात. मी पुन्हा पहिली पत्रिका काढली, जिच्यावरून सगळी सुरुवात झाली होती. 'श्रीकृपेकरून'. भिंग लावून बघितलं. बारीक अक्षरांत दीर्घ रुकाराची शेपटी नीट दिसत होती. मी पहिल्याच आठवड्यात ती ऱ्हस्व म्हणून वहीत नोंदवली होती आणि त्यानंतर शेकडो पानांत ती चूक पसरली होती. तक्त्यातल्या दोन ओळी बदलल्या, प्रोग्रॅम पुन्हा चालवला.

'करू दे.'

ती फाइल आता माझ्या फोनमध्ये आहे, भावाच्याही. तो सगळी एका बैठकीत वाचून मोकळा झाला. मी शोधाच्या चौकटीत 'पोरगी' हा शब्द टाकला. सतरा ठिकाणी सापडली. त्यातल्या बारा वाचून झाल्यात.